किमान वेतनातले ‘किमान’ कोणाचे?

मराठी समीक्षेने भुकेविषयी पुष्कळ लिहिले. मजुरीविषयी फारसे लिहिले नाही. दलित साहित्याची चर्चा सुरू झाली की भूक, दारिद्र्य, वेदना, यातना हे शब्द सढळ हाताने वापरले जातात. समीक्षक हळहळतो, अनुभवाच्या दाहकतेची नोंद घेतो आणि मग शैलीकडे वळतो. ही भूक कोठून आली, तिचा दर कोणी ठरवला, माणसाच्या किती तासांना किती रुपये मोजले गेले, हे प्रश्न मात्र साहित्याबाहेरचे ठरतात. ते युनियनवाल्यांनी बघावेत, कामगार आयुक्तांच्या कचेरीने बघावेत! मला ही वाटणी मान्य नाही. ‘किमान’ आणि ‘जगणे’ या दोन शब्दांचा अर्थ कोणी ठरवायचा, हा या वादाचा गाभा आहे; आणि शब्दांच्या अर्थाचा वाद समीक्षेने दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकू नये.

किमान वेतनावर माणसाला जगता आले पाहिजे की नाही? प्रश्न इतका साधा आहे की कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा गाडीत तो मोठ्याने विचारला तर लोक हसतील. जगता येत नाही म्हणूनच नवरा कंपनीत, बायको घरी जीन्सचे धागे कापत, थोरला मुलगा कॉलेज सुटल्यावर दुकानात आणि म्हातारी दुसऱ्याच्या घरी भांड्याला, असे एक घर चार मजुऱ्यांवर उभे असते. कायद्याने मात्र गृहीत धरले आहे की एका कमावत्या माणसावर एक कुटुंब चालावे. कायदा काय म्हणतो आणि गाडीतला माणूस काय जगतो, यांच्यातले अंतर वाचणे हेच आपले काम आहे.

मराठीत ‘जगणे’ या शब्दाच्या शेजारी ‘तगणे’ हा शब्द आहे. रोप तगते, गुरे दुष्काळात तगतात. तगण्याला अन्नपाणी पुरते. जगण्याला आणखी काही लागते. बेबी कांबळे यांनी आपल्या पुस्तकाला ‘जिणं आमुचं’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी आपल्या माणसांच्या तगण्याची कहाणी सांगता सांगता जिण्यावरचा हक्क सांगितला, असे मी मानतो. किमान वेतनाच्या इतिहासातला सगळा घोळ या दोन शब्दांत आहे. सरकार, मालक आणि पुष्कळदा न्यायालयसुद्धा बोलताना ‘जगणे’ म्हणते आणि हिशेब मांडताना तगण्याचा मांडते.

आता या हिशेबाची संहिता पाहू. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात होते. किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात एप्रिल 1946 मध्ये आले ते त्यांच्याच कारकिर्दीत. कायदा झाला 1948 साली. तेव्हा मजूरमंत्री जगजीवन राम होते. म्हणजे या कायद्याच्या जन्माशी दोन अस्पृश्य मंत्र्यांची नावे जोडलेली आहेत. आपल्याकडे बाबासाहेबांची घटना सर्वांना ठाऊक असते, मजूरमंत्री बाबासाहेब फार थोड्यांना. तथापि या कायद्यात एक मोठी उणीव राहिली. किमान वेतन म्हणजे किती, ते कोणत्या मापाने मोजायचे, याची व्याख्याच 1948 च्या कायद्यात नव्हती. सरकारने दर ठरवावा, वेळोवेळी सुधारावा, एवढेच होते. शिवाय तो लागू होता फक्त अनुसूचीत नोंदलेल्या कामधंद्यांना. ज्याचा धंदा अनुसूचीत नाही, त्याला ‘किमान’ही नाही.

त्याच वर्षी नेमलेल्या रास्त वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: खाली किमान वेतन, मध्ये रास्त वेतन, वर निर्वाह वेतन. समितीचा हेतू वाईट नव्हता. किमान वेतनाने नुसता जीव धरून ठेवू नये, कामगाराची कार्यक्षमता टिकेल इतके शिक्षण, औषधपाणी आणि सोयी त्यातून भागाव्यात, असे ती म्हणत होती. पण ‘कार्यक्षमता’ हा शब्द बघा. कामगाराला औषध मिळावे, कारण उद्या त्याला कामावर यायचे आहे. यंत्राला तेल द्यावे तशी ही काळजी आहे. राज्यघटनेच्या 43 व्या कलमात ‘निर्वाह वेतन’ आले, सभ्य जीवनमान आले, फुरसतीचा वेळ आणि सांस्कृतिक संधी यांचाही उल्लेख आला. मात्र ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत बसवले गेले, म्हणजे त्याच्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. निर्वाह हे ध्येय झाले आणि किमान हा कायदा झाला. दोघांची फारकत झाली ती अशी.

तीन पायऱ्यांची ही शिडी पाहिली की मला श्रेणीबद्ध विषमता आठवते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे जे वर्म सांगितले, प्रत्येकाच्या वर कोणीतरी आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी, ते येथेही आहे. आणि चार वर्णांच्या खाली जसा अवर्ण, तसा या तीन पायऱ्यांच्या खाली एक मोठा समाज आहे, ज्याच्या हातात किमानसुद्धा पडत नाही. तो शिडीवर नाहीच. तो शिडी धरून उभा आहे.

मापाचा पहिला गंभीर प्रयत्न 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत झाला. एका कमावत्यामागे तीन उपभोग घटक धरावेत, प्रत्येक प्रौढ घटकाला रोज 2700 उष्मांक मिळावेत, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, सरकारी औद्योगिक घरकुल योजनेतल्या किमान जागेइतके भाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचे 20 टक्के. चार माणसांचे तीन घटक कसे होतात? पुरुष 1, बाई 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6. बाईच्या आणि मुलांच्या कमाईकडे दुर्लक्ष करावे, असेही ठरले. त्या काळाच्या मानाने हा ठराव पुढचा होता, हे मान्य केले पाहिजे. कामगाराला कुटुंब असते, हे त्याने मान्य केले.

पण समीक्षकाने जे लिहिले आहे त्याइतकेच जे गाळले आहे तेही वाचावे. या चौघांत म्हातारी आई नाही. गावाकडून शिकायला आलेला धाकटा भाऊ नाही. आपल्या वस्तीत असे चौकोनी घर क्वचितच असते. पहिल्या पिढीतला एक मुलगा पदवीपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या मागे तीन-चार जणांची अर्धी राहिलेली शिक्षणे असतात. माझ्या बाबतीत दोन बहिणींची आहेत. ती उष्मांकांच्या कोष्टकात कोठेच दिसत नाहीत. शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी 25 टक्के जोडावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात म्हटले ते 1991 साली. मधल्या 34 वर्षांत एक अख्खी पिढी शाळेतून गळाली आणि तिची मुले त्याच कामांवर लागली.

बाईचा 0.8 हाही आकडा मला टोचतो. डोक्यावर विटा वाहणाऱ्या, सकाळी चारला उठून पाणी भरणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी अन्न लागते, हे ठरवणाऱ्यांच्या घरी पाणी कोण भरत होते, ठाऊक नाही. तिची कमाई मोजू नये, या तत्त्वाचा मूळ अर्थ चांगला होता: पुरुषाचे वेतन तिच्या कमाईवर टेकू नये. व्यवहारात त्याचा अर्थ उलटला. तिची कमाई मोजायची नाही म्हणून तिला द्यायचीही नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांत जीन्स शिवली जाते, तिचे धागे कापण्याचे, बटणे लावण्याचे काम घरोघरी नगावर जाते. पापड लाटण्याचेही तसेच. नगाचा दर ठरवताना सर्वांत चपळ हात धरला जातो आणि बाकीचे हात त्याच्या मागे धावतात. त्यात घरातल्या मुलीचे हात मिसळतात, ते कोणत्याच हजेरीपटावर येत नाहीत. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये आई सतत बांबूची आयदाने विणताना दिसते. त्या विणण्याचे प्रतीक म्हणून कौतुक झाले, लेखनाची वीण आणि सुपाटोपलीची वीण अशी तुलना झाली, आणि ती लेखिकेनेच सुचवलेली आहे. पण ती आई विणत होती ते पोटासाठी, आणि तिच्या टोपलीची किंमत घेणारा ठरवत होता, हा धागा समीक्षेने उचलायला हवा होता.

घेणाऱ्याने किंमत ठरवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तिचे नाव बलुते. दया पवारांच्या ‘बलुतं’ला 1978 साली जे यश मिळाले त्यात प्रामाणिक आत्मकथनाचा वाटा मोठा होता, मात्र त्या शीर्षकातला अर्थशास्त्रीय आरोप फारसा कोणी वाचला नाही. महाराने सांगावे ते काम करायचे, वेळी-अवेळी, वर्षभर. मोबदला म्हणून खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे आणि वर उपकार मानायचे. काम हक्काने घेतले जाई आणि दाम दयेने दिला जाई. 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. त्यानंतर आमची माणसे शहराकडे सरकली, 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून लोंढेच आले. त्यांना वाटले, शहरात बलुते नाही, पगार आहे. पगार म्हणजे ठरलेला आकडा, ठरलेला दिवस, ठरलेले तास. ही कल्पनाच केवढी मुक्तिदायी होती!

शहरातही जात मजुरीच्या आड येत होतीच. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणाईत, मजुरी जास्त होती. पण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला प्रवेश नव्हता. त्याच्या वाट्याला कमी पगाराची खाती. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, त्यामागे हा धागा आहे. मजुरीचा दर बाजार ठरवतो, मागणी आणि पुरवठा ठरवतो, असे जे पाठ्यपुस्तकात आम्ही शिकवतो ते साचेखात्याच्या दारात खोटे पडते. तेथे दर थुंकीने ठरला.

आज कोणी धागा तोंडाने ओढत नाही. पण गटारात कोण उतरतो, शहराचा कचरा गाडीवर कोण चढवतो, याची यादी काढा आणि आडनावे वाचा. कायम नोकरीत आरक्षण असते, कंत्राटात नसते. झाडूच्या कंत्राटात मात्र न मागता जवळजवळ पुरे आरक्षण मिळते. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे 2700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करावे, हा निकाल सर्वोच्च न्यायालयातून 2017 साली मिळाला, आणि त्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाला वर्षानुवर्षे लढावे लागले. शहर आठ दिवस ज्यांच्यावाचून राहू शकत नाही त्यांच्या कामाची किंमत ‘किमान’, आणि तीही भांडून. कामाच्या उपयुक्ततेवर वेतन ठरते असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

अंबरनाथमध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. तेथे केंद्र सरकारचा शस्त्रास्त्र कारखाना आहे. वेतन आयोगाचा पगार, राहायला वसाहत, दवाखाना. राखीव जागेवर तेथे लागलेल्या बापांची मुले आज शिक्षक, इंजिनियर, कारकून झाली. आमच्या भागातल्या बौद्ध समाजाची पहिली पक्की घरे कोणत्या पगारातून उभी राहिली, याचा शोध कोणा विद्यार्थ्याने घ्यावा. प्रबंधाला उत्तम विषय आहे. हे सगळे कारखाने 1 ऑक्टोबर 2021 पासून सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले, ती गोष्ट वेगळी. त्याच गावात मोरिवलीच्या आणि आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराचा माणूस गोणी उचलतो. पहिला जगला आणि दुसरा तगला. दोघांच्या जातीत, बुद्धीत, मेहनतीत फरक नव्हता. फरक वेतनाच्या मापात होता.

माझे वडील या दुसऱ्या प्रकारातले. एका रासायनिक कारखान्यात ते ठेकेदाराकडे भराई-उतराईच्या कामाला होते. पगाराच्या दिवशी मुकादम रजिस्टरवर सही घेई. सहीसमोरचा आकडा कायद्याचा असे, हातात पडणारा आकडा मुकादमाचा. वडील रात्रशाळेत शिकले होते, त्यांना वाचता येत होते. अंगठा उठवणाऱ्या सोबत्यांपेक्षा त्यांचा त्रास एवढाच जास्त, की आपण कशावर सही करतो हे त्यांना कळत असे. किमान वेतन अपुरे आहे का, हा प्रश्न त्यांना विचारला असता तर ते म्हणाले असते, आधी मिळू दे.

दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरही हेच घडत होते. मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे ठरलेली, त्यातला एक रुपया जमादार कापून घेई, मजुराच्या हाती 8 रुपये 25 पैसे. त्या खटल्यात 1982 साली न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी दामात काम करून घेणे ही घटनेच्या 23 व्या कलमाने बंद केलेली सक्तीची मजुरीच होय. कारण सक्ती बंदुकीचीच असते असे नाही, भुकेचीही असते. पुढच्या वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांवरही हेच तत्त्व लावले गेले. म्हणजे मोरिवलीच्या मुकादमाने कापलेल्या पैशांचे कायद्यातले नाव ‘वेठ’ आहे. आमच्या आजोबांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता.

आणि येथे मला अण्णाभाऊ साठे आठवतात. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा महाविद्यालयात शिकवली जाते आणि भयकथा म्हणून, फार तर विलक्षण अनुभवाची कथा म्हणून शिकवली जाते. भीमा वारणेकाठचा, धिप्पाड. मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. राखेत सोन्याचा तुकडा सापडतो आणि तो प्रेतांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, तो ती गमावतो, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. विद्यार्थी कोल्ह्यांच्या झुंजीवर खिळून राहतात. ते स्वाभाविक आहे, अण्णाभाऊंनी ती झुंज तशीच लिहिली आहे. परंतु या कथेचा कणा मजुरी आहे. खाण चालू असताना भीमा माणूस आहे. मजुरी थांबते तेव्हा त्याला एक भयंकर हिशेब कळतो: जिवंत माणसाच्या हाताला या शहरात जे मिळत नाही ते मेलेल्याच्या तोंडात पडलेले आहे. नीतिअनीतीची चर्चा करणाऱ्या समीक्षकाने खाणमालकाला एकदाही प्रश्न विचारलेला नाही. बोटे गेली ती पहार धरणारी बोटे. पुन्हा काम मिळाले तरी तो आता ‘कार्यक्षम’ नाही. रास्त वेतन समितीच्या भाषेत सांगायचे तर.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत तर नोकरी आहे, पगार आहे, आणि तरीही नोकरी आणि निवारा यांच्यामध्ये जात उभी राहते. घरभाड्याचे कोष्टक करणाऱ्यांनी ही कथा वाचली पाहिजे. केंद्राच्या 2020 च्या वेतन नियमांच्या मसुद्यात भाडे म्हणून अन्न आणि कापड यांच्या खर्चाच्या 10 टक्के धरले होते. समजा कुटुंबाला अन्नवस्त्राला महिन्याला 10,000 रुपये लागतात. मग घराला 1,000. विठ्ठलवाडीपासून वांगणीपर्यंत हजार रुपयांची खोली मला कोणी दाखवावी. डिपॉझिटचे बोलूच नये. आणि आडनाव ऐकून ‘खोली कालच गेली’ म्हणणारे वेगळेच.

मालकांची बाजू मांडली नाही तर हे लेखन एकतर्फी होईल. उल्हासनगरचा कारखानदार म्हणजे बिर्ला नव्हे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत, बराकींत येऊन पडलेली सिंधी माणसे. 8 ऑगस्ट 1949 ला त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सरकारने नोकऱ्या दिल्या नाहीत, तर त्यांनी पापडापासून पँटपर्यंत जे जमेल ते करून गाव उभे केले. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. आजही कित्येक शिलाई कारखाने एका गाळ्यात पाच-दहा मशिनींवर चालतात आणि मालक स्वतः मशिनीवर बसतो. तो म्हणतो, मजुरी वाढवली तर व्यापारी माल दुसरीकडून घेईल, मग तुमच्या माणसांना हेही मिळणार नाही. ही नुसती धमकी नाही, यात तथ्य आहे. छोटा मालक आणि मजूर दोघेही एका मोठ्या व्यापाऱ्याच्या दरपत्रकाखाली असतात.

पण मग निष्कर्ष काय काढायचा? क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की जो उद्योग कामगाराला किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला अस्तित्वात राहण्याचा अधिकार नाही. हे कठोर वाटते. परंतु उलट बाजूने पाहा. वीज महाग म्हणून कोणी कमी बिल भरत नाही, कापड महाग म्हणून गिरणी सवलत देत नाही. धंद्यातली प्रत्येक वस्तू तिच्या दराने घेतली जाते. तोटा सोसायचा तो फक्त माणसाने. धंद्याला आधार हवा असेल तर सरकारने स्वस्त कर्ज द्यावे, व्यापाऱ्याच्या दरावर बंधन घालावे. मजुराच्या पोरांच्या दुधातून अनुदान का काढायचे? किमान वेतन सर्वांना सारखे लागू झाले आणि खरोखर तपासले गेले, तर प्रामाणिक छोट्या मालकालाच त्याचा आधार आहे, कारण शेजारचा चोरटा मालक त्याच्याखाली दर पाडू शकणार नाही. आज प्रामाणिकपणा हाच तोट्याचा आहे.

या पट्ट्यात आणखी एक गंमत आहे. राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत परिमंडळे पाडलेली असतात. तपशील उद्योगागणिक बदलतो, पण ढोबळ कल्पना अशी की महानगरपालिकांचा मुलूख वरच्या परिमंडळात, लहान गावे खालच्या. उल्हासनगर 1996 पासून महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा. माणूस मात्र बदलापूरला राहून उल्हासनगरला कामाला येतो, किंवा उलट. दूध, गॅस, कांदे हद्द पाहून स्वस्त होत नाहीत. दर सहा महिन्यांनी विशेष भत्त्याचा आकडा बदलतो, पण गाडीत शेजारी बसलेल्या दहांपैकी किती जणांना आपल्या धंद्याचा चालू आकडा सांगता येईल? मी माझ्या वर्गात विचारतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना पानिपतची तारीख येते, वडिलांच्या किमान वेतनाचा आकडा येत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही तो येत नसतो, आणि मे महिन्यात त्याच्या स्वतःच्या हातात काहीच पडत नाही. ते त्याने कोणाला सांगायचे? प्राध्यापकाला मजूर म्हणवून घ्यायची लाज वाटते.

1948 चा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून इतिहासजमा झाला. त्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता लागू झाली. अनुसूचीची अट गेली, किमान वेतनाचा हक्क सर्व कामांना आला, केंद्राने पायाभूत वेतन ठरवावे आणि राज्यांनी त्याखाली जाऊ नये, असे आले. यातले चांगले ते चांगले म्हटले पाहिजे. किमान राहणीमान विचारात घ्यावे, हे शब्दही आता कायद्यातच आहेत. पण शब्द कसे वाचले जातात याचा अनुभव 2019 नेच दिला. सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने त्या वर्षी देशभरासाठी दिवसाला 375 रुपयांची शिफारस केली. तीही उष्मांक 2700 वरून 2400 पर्यंत खाली आणून. काम हलके झाले, असा त्यामागचा विचार. गोणी उचलणाऱ्याचे काम केव्हा हलके झाले, हे मला दिसलेले नाही. मात्र समितीने कुटुंबाचे घटक 3 वरून 3.6 केले, प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा विचार केला. म्हणजे हिशेब अभ्यासाचा होता. सरकारने त्याच वर्षी जाहीर केले ते राष्ट्रीय पायाभूत वेतन 178 रुपये. आधी 176 होते. दोन रुपयांची वाढ.

375 आणि 178 हे आकडे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवतो. एक आकडा विचारतो, माणसाला किती लागते. दुसरा विचारतो, किती कमी दिले तरी तो उद्या येईल. बलुत्याच्या खळ्यावर हा दुसराच प्रश्न विचारला जात असे. तेव्हा खळ्याचा मालक समोर उभा असे, त्याला शिव्या तरी देता येत. राजपत्रातल्या आकड्याला चेहरा नसतो. म्हणून तेथे साहित्यिकाची गरज आहे. आपल्या आत्मकथनांनी गावचे खळे दाखवले, गावकुसाबाहेरचा वाडा दाखवला. ठेकेदाराचे रजिस्टर, नगाचा दर, रात्रपाळीचा भत्ता, गेटपास, हजेरीतला खाडा हे अद्याप आपल्या कथा-कादंबरीत पुरेसे आलेले नाहीत. नारायण सुर्व्यांनी कामगार कवितेत आणला तो गिरणीचा, संघटित, झेंडा हातात असलेला. आजचा कंत्राटी कामगार दर अकरा महिन्यांनी नवा असतो. त्याला युनियन नाही, आणि त्याला कादंबरीही नाही. नव्या लेखकांनी ‘अनुभव संपले’ अशी तक्रार करू नये.

मागच्या महिन्यात मोरिवलीतल्या एका कंत्राटी कामगाराने, आमच्याच जुन्या विद्यार्थ्याने, या त्रैमासिकाची वर्गणी भरायची आहे असे मला सांगितले. 20 टक्क्यांच्या किरकोळ खर्चात त्याचा गॅस बसतो, वीज बसते, रेल्वेचा पास बसतो. वर्गणी दोन हप्त्यांत चालेल का, असे तो विचारत होता. मी संपादकांना कळवले आहे.